विम्याच्या कागदावरचा घोडा

करागंडा,
७ मार्च

तीर्थरूप तोलेगेनमामा,

तुम्हाला आणि मामींना अकमारलचा सलाम. मी बरी आहे. डावा हात आता खांद्याच्या वर जातो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उन्हाळ्यापर्यंत तुझी वेणी तूच घालशील. बाहेर उणे अठरा आहे आणि वसतिगृहातला हीटर असा तापतो की आम्ही तिघी खिडकी उघडून झोपतो. मामींनी पाठवलेला सुक्या दह्याचा कुर्त आल्या दिवशीच संपला. मी चारच खडे खाल्ले. बाकीचे कुणी खाल्ले ते सगळ्यांना माहीत आहे, कबूल मात्र कुणी करत नाही.

खाणीतल्या सुरुंगांनी तुमचे कान नेले हे वाईटच झालं, पण त्यामुळे मला पत्रं लिहायची सवय लागली. माझ्या वयाचं इथे कुणी पत्र लिहीत नाही. पोस्टातली बाई पाकीट बघून विचारते, "तुरुंगात आहे का गं कुणी?" म्हणून हल्ली मी पाकीट सरळ आपल्या कोयतास गावच्या बसवाल्या झाकेनच्या हातात देते.

आता तुमच्या पत्राकडे येते. तुम्ही दुसरी गाडी घेताय आणि तिच्या विम्यात माझं नाव घालायला गेलात तर हप्ता कुठच्या कुठे गेला, हे मामींनी आधीच कळवलं होतं. खिडकीतल्या मुलीला तुम्ही काय काय बोललात तेही कळवलं. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही मोठ्याने बोलता, आणि मग अख्खं कार्यालय ऐकतं. रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी म्हणे टाळ्या वाजवल्या. तुम्ही लिहिलंय, "वीस वर्षांची आहे हा काय गुन्हा झाला? माझी भाची माझ्यापेक्षा चांगली चालवते. झाला तो अपघात कब्देशच्या मोकाट घोड्यामुळे झाला, आणि दंड हिला? तू विद्यापीठात आकडे शिकतेस ना, मग शोधून काढ हे लोक कोरी पाटी बघून दंड कसा लावतात."

तर मामा, मी शोधायला निघाले आहे. तिसऱ्या वर्षाला आम्हाला तीन महिने कुठेतरी प्रत्यक्ष काम करावं लागतं. बाकीच्यांनी बँका धरल्या. मी तुमच्याच विमा कंपनीच्या इथल्या कार्यालयात अर्ज केला. मुलाखतीत विचारलं, इथेच का? मी म्हटलं, माझ्या मामांना एक प्रश्न पडलाय. ते हसले आणि मला घेतलं.

माझ्या वरच्या बाईंचं नाव एम्मा आंद्रेयेव्ना. युद्धात इथे आणून वसवलेल्या जुन्या जर्मनांपैकी. साठीच्या आहेत, चष्मा दोरीने गळ्यात, आणि टेबलाच्या खणात कायम सूर्यफुलाच्या बिया. पहिल्याच दिवशी मी त्यांना तुमचा प्रश्न तुमच्याच शब्दांत विचारला, फक्त आवाज कमी ठेवला. त्यांनी खण उघडला आणि मूठभर बिया माझ्यासमोर ओतल्या.

"यातली खवट कुठली ते सांग."

"फोडल्याशिवाय कसं सांगणार?"

"मलाही नाही सांगता येत. चाळीस वर्षं बिया खातेय, तरी नाही. पण कुठल्या पोत्यात खवट जास्त निघतात ते मी सांगू शकते. ते सांगायलाच मला इथे पगार मिळतो."

मी म्हटलं, "पण मग चांगल्या बीने खवट बीचे पैसे का भरायचे?"

"कारण न फोडता दोघी सारख्याच दिसतात," त्या म्हणाल्या आणि एक बी तोंडात टाकली. ती चांगली निघाली असावी.

मला हे पटलं नाही. म्हणजे गणित पटलं, न्याय पटला नाही. पण विचार केला तर मजा वाटते. कंपनीला मी माहीतच नाही. तिला माझ्यासारखी हजार माणसं माहीत आहेत, पंचविशीच्या आतली, नुकता परवाना मिळालेली. त्या हजारांत वर्षाला किती जण कुठेतरी धडकणार हे तिला जवळजवळ बरोबर ठाऊक असतं, आणि कोण धडकणार ते अजिबात ठाऊक नसतं. मोठ्या माणसांच्या हजारांत धडकणारे कमी निघतात. आणखी एक गोष्ट मला आधी सुचली नव्हती. तरुणांचा अपघात महाग असतो. मोठी माणसं बहुतेक दुकानासमोर गाडी मागे घेताना दिवा फोडतात. तरुणांच्या गाडीत माणसं असतात, वेग असतो, आणि मग पत्र्याचे नाही, हाडांचे पैसे द्यावे लागतात.

मी विचारलं, "पंचविसाव्या वाढदिवशी डोक्यात असं काय बदलतं?"

"काही नाही बदलत. रेघ कुठेतरी मारावी लागते. चाळिशीत परवाना काढणारासुद्धा पहिली दोन वर्षं जास्तच भरतो. तुझ्या मामांना सांग, वयाचा दंड नाही, न पाहिलेल्या रस्त्यांचा आहे."

सांगितलं. आता तुम्ही काय म्हणता ते लिहा. माझ्या अपघाताचं मी इथे कुणाला काही बोलले नाही. ते सगळं कागदावर आहेच, पुन्हा कशाला.

नौरिजच्या सणाला यायचं अजून नक्की नाही. काम फार आहे.

तुमची लाडकी (हे मामींना वाचू देऊ नका, त्यांना वाटतं मी त्यांची जास्त आहे),
अकमारल


करागंडा,
२ एप्रिल

तीर्थरूप मामा,

सलाम. नौरिजला आले नाही म्हणून तुम्ही रागावलात ते पत्राच्या लांबीवरून कळलं. मामींनी माझ्या वाटणीची कोजे, सणाची आंबट पेज, बरणीत भरून बसने पाठवली. अर्धी रस्त्यात सांडली. झाकेनची बस अजून आंबट वासाची आहे आणि उतारू मलाच नावं ठेवतात.

तुमची ट्रकची गोष्ट मी मैत्रिणींना वाचून दाखवली. एकोणीस वर्षांचे असताना सामूहिक शेतीचा गवताने भरलेला ट्रक तुम्ही चरात घातलात, आणि "तेव्हा विमा नव्हता, मुकादमाची थप्पड हाच हप्ता" हे वाक्य एम्माबाईंनी स्वतःच्या वहीत उतरवून घेतलंय. पण तेव्हा शेजारच्या सीटवर कोण होतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. मामींनी लिहिलं. कब्देशकाका होते. दोघं गवतातून बाहेर आलात ते हसतच, असं त्या म्हणतात.

मी एक प्रयोग केला. एम्माबाई म्हणाल्या होत्या की नवा चालक बॉनेटच्या पुढचं बघतो आणि जुना चालक पुढच्या टेकडीचं. मला ते नुसतं ऐकून चालेना. म्हणून एका रविवारी झाकेनच्या बसमध्ये त्याच्या शेजारच्या सीटवर बसले. ठरलं असं, की रस्त्यावर धोक्याचं काही दिसलं की मी माझ्या गुडघ्यावर टिचकी मारायची आणि त्याने स्टिअरिंगच्या चाकावर. दीड तासात त्याच्या एकवीस टिचक्या झाल्या, माझ्या नऊ. आणि त्या नऊपैकी एकही त्याच्या आधीची नाही.

एका ठिकाणी त्याने टिचकी मारली तेव्हा मला समोर रिकामा रस्ता दिसत होता. मी म्हटलं, "काहीच तर नाहीये."

"ती डावीकडची घोडी बघ. लांब. हां, ती. तिने मान वर केली."

"मग?"

"मग काय, आता ती निघणार आणि मागून सगळी निघणार. आपण थांबायचं."

त्याने वेग कमी केला. आम्ही पोचेपर्यंत चौदा जनावरं आमच्यासमोरून निवांत रस्ता ओलांडून गेली. झाकेनने भोंगासुद्धा वाजवला नाही. मी विचारलं, हे शिकायला किती वर्षं लागली? तो म्हणाला, "शिकलो कुठे? भीती वाटत गेली आणि डोळे लांब जात गेले."

मामा, हे मी मुद्दाम सगळं लिहितेय, कारण मला खरोखर नवल वाटलं. माझे डोळे त्याच्यापेक्षा चांगले आहेत. त्याला तर चष्मा आहे. हात जलद आहेत, पाय जलद आहेत. तरी मी त्याच्यापेक्षा धोकादायक, कारण कशाची वाट बघायची ते मला माहीतच नाही.

ती बस कोयतासची होती हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मी अर्ध्या वाटेवरच्या थांब्यावर उतरले आणि परतीच्या बसने निघून आले. झाकेन तुम्हाला सांगेलच, म्हणून मी आधी सांगते. रागावू नका. घरापर्यंत यायचा धीर झाला नाही. का, ते मी लिहीन.

कार्यालयात मला जुन्या अपघातांची कागदपत्रं दिली आहेत. नावं खोडलेली असतात, फक्त वय, वेळ, रस्ता, गाडीत किती जण, कारण काय. ती मी तक्त्यात भरते. त्यात काय दिसलं सांगू? पंचविशीच्या आतलं पोर गाडीत एकटं असेल, किंवा शेजारी आई नाहीतर आजोबा असतील, तर ते बऱ्यापैकी चालवतं. आजोबा असले तर फारच चांगलं चालवतं. पण गाडीत त्याच्याच वयाचे दोन-तीन जण असले की आकडा एकदम वर जातो. तेच पोर, तीच गाडी, तोच रस्ता. मोठ्या माणसांचं उलट आहे. मित्र बसले की ती अजून जपून चालवतात. हे असं का, ते एम्माबाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही.

मग कारणांचा रकाना. पंचविशीच्या आतल्यांच्या कागदांत "जनावर आडवं आलं" हे मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा येतं. मला वाटलं मी भरताना चुकले. पुन्हा भरलं. तेवढंच आलं.

एम्माबाई माझ्या मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "गाय रस्ता ओलांडायच्या आधी चालकाचं वय विचारते का?"

"नाही."

"मग ती तुमच्याच पुढे जास्त का येते?"

मी झाकेनची गोष्ट सांगितली, की आम्हाला जनावर उशिरा दिसतं.

"हे एक कारण झालं," त्या म्हणाल्या. "दुसरं कारणही आहे. शोध." आणि चहा घ्यायला निघून गेल्या.

तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की कब्देशकाकांनी त्यांचा कळप जावयाच्या हवाली केला. "बरं केलं. ज्याला आपली जनावरं मोजता येत नाहीत त्याने घरात बसावं," असं तुम्ही लिहिलंय.

हे मी बऱ्याच वेळा वाचलं. चाळीस वर्षं तुम्ही दोघं रोज एकमेकांच्या घरी चहा प्यायलात.

आज इथेच थांबते.

तुमची,
अकमारल


करागंडा,
२८ एप्रिल

तीर्थरूप मामा,

हे पत्र एकटे असताना वाचा. वाचून झालं की मामींना द्या. मग मला जे बोलायचं ते बोला.

त्या संध्याकाळी रस्त्यावर घोडा नव्हता.

कुठलाच नव्हता. कब्देशकाकांचा नव्हता, दुसऱ्या कुणाचा नव्हता. कोल्हासुद्धा नव्हता. मी सुरुवातीपासून सांगते, नाहीतर पुन्हा काहीतरी वगळीन.

त्या दिवशी, १९ ऑक्टोबरला, आम्ही तुमच्याकडून निघालो तेव्हा मामींनी तळलेल्या बौरसाकची पिशवी दिली होती. मोल्दिर माझ्या शेजारी होती, वर्गातले दोघं मागे. उजेड होता, सूर्य नुकताच टेकलेला. रस्ता कोरडा. आम्ही गात होतो. मागून कुणीतरी म्हणालं, "मामांची ही म्हातारी गाडी याच्यापेक्षा जोरात पळते का गं?" मी म्हटलं, बघ. आणि दाबलं. मला छान वाटत होतं, मामा. हे लिहायला लाज वाटते पण तसंच होतं. चौघं हसत होतो आणि गाडी माझ्या हातात होती. मोल्दिर म्हणाली, "हिला एक बौरसाक द्या रे, चाकावरचा हात नको काढायला." मागच्याने हात पुढे केला आणि मी मान वळवून तोंड उघडलं. तेवढ्यात वळण आलं. वळण नेहमी तिथेच असतं. मी लहानपणापासून त्या रस्त्याने जाते. चाक खडीवर गेलं, मी जोरात वळवलं, आणि मग आकाश खाली आलं.

बाकी तुम्हाला माहीत आहे. माझा हात, मोल्दिरच्या गळ्याचं हाड, आणि मागच्या दोघांना काही झालं नाही ही देवाची कृपा.

दवाखान्यात तुम्ही आलात तेव्हा तुमच्या बुटांना चिखल होता. तुम्ही माझ्या तोंडाशी कान आणलात, मग तुमच्याच लक्षात आलं की उपयोग नाही. मग तुम्ही विचारलंत, "घोडा आडवा आला ना? कब्देशची जनावरं तिथेच उतरतात." तुमच्याशी आम्ही सगळेच मानेने बोलतो. मी मान हलवली.

एवढंच केलं. तोंडाने एक शब्द बोलले नाही. नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत होते, की मी खोटं बोलले नाही, मी फक्त मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी विम्याचा माणूस आला, तुम्ही त्याला सांगितलंत, त्याने लिहिलं, आणि सही माझी आहे. उजव्या हाताने केलेली, चांगल्या वळणदार अक्षरात.

तिसऱ्या दिवशी कब्देशकाका आले होते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही घरी गेला होतात. ते खाटेच्या पायाशी टोपी हातात घेऊन उभे राहिले. मी डोळे मिटले. त्यांना वाटलं मी झोपेत आहे. तरी ते बोलले. "पोरी, मी त्या दिवशी मोजली होती. पण चुकलो असणार. माफ कर मला." उकडलेल्या मांसाचं पातेलं फडक्यात बांधून आणलं होतं, ते खाली ठेवलं आणि गेले. ते पातेलं तुम्ही परत पाठवलंत ते मला नंतर कळलं.

या महिन्यात आधी मी मोल्दिरला भेटले. म्हटलं, मी सांगणार आहे. ती म्हणाली, "सहा महिने झाले. आता कोण विचारतंय?" मी म्हटलं, माझे मामा विचारतायत, हप्ता जास्त का म्हणून. तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग ती म्हणाली, "लिही माझंही नाव. मीही गप्प बसले होते."

मग एम्माबाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाटातून माझाच कागद काढला. तुमच्या गाडीचे फोटो होते. त्यांनी बोट ठेवलं. "पुढून चेपलेली नाही. एक केस नाही, रक्त नाही. आणि घोडा टळावा म्हणून गाडी वळवतात तशी ती वळलेलीच नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"फेब्रुवारीत अर्जावर नाव वाचलं तेव्हापासून. तो कागद मी मंजूर केलेला नाही, मी असते तर नसता केला."

"मग मला कामावर का घेतलंत?"

"मुलाखतीत तू म्हणालीस, मामांना एक प्रश्न पडलाय. मला बघायचं होतं, प्रश्न नक्की कुणाला पडलाय."

त्या मला ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. कागद पुन्हा उघडला आहे. कब्देशकाकांना कंपनीने नोटीस पाठवली होती आणि त्यांनी "घोडा माझाच असावा" असं लिहून सही केली होती, हे मला तिथे कळलं. ती नोटीस मागे घेतली जाईल. तुम्हाला मिळालेली भरपाई परत करावी लागेल, ती माझ्या नावावर घातली आहे, तुम्ही त्यात पडू नका. परीक्षा झाली की मी खरंच नोकरी धरणार आहे, इथे नाही, दुसरीकडे.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही म्हणालात कोरी पाटी. माझी पाटी कोरी नव्हती, मी ती पुसली होती. आमचे डोळे जवळ बघतात, मित्र बसले की आम्हाला आमचं शौर्य दाखवायचं असतं, आणि वर काही झालं की आम्ही घोड्याचं नाव घेतो. माझ्याच वयाची एखादी मुलगी असेल, पुढे बघून, गप्प बसून, जपून चालवणारी. तिच्या हप्त्यात माझा वाटा आहे. तिचे मामाही कुठल्यातरी खिडकीशी भांडत असतील, आणि त्यांचं भांडण बरोबर आहे.

काल, शनिवारी, मी कोयतासला आले होते. गावाच्या अलीकडे उतरले, कब्देशकाकांच्या घरी गेले. तुमच्या आधी त्यांना सांगायचं होतं. काकू चहा ओतत होत्या. काका खिडकीशी बसून लगामाला टाके घालत होते, तेही असेच, वेळ जावा म्हणून. मी त्यांच्या हातांकडे बघत राहिले. काकूंनीच विचारलं, "काय गं, हात दुखतोय का अजून?"

मी म्हटलं, "काका, घोडा नव्हता."

"कुठला घोडा?"

"त्या संध्याकाळी. रस्त्यावर कुठलाच घोडा नव्हता. मी वेगात होते आणि मागे बघत होते. मी खोटं सांगितलं."

त्यांनी लगाम मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे सगळी आत होती."

"हो."

"सत्तेचाळीस."

"आकडा मला माहीत नाही, काका. पण तुमचं एकही बाहेर नव्हतं."

"मला माहीत आहे. मी मोजली होती. आधी उजवीकडून, मग डावीकडून."

काकू रडायला लागल्या, आणि मग माझ्यावर चिडल्या. "तुला कल्पना आहे का, या माणसाने हिवाळा कसा काढला? अंथरुणात पडल्या पडल्या बोटं मोजायचा. स्वतःचीच बोटं. दहा आहेत का बघायचा. मी याला शहरातल्या डॉक्टरकडे नेलं, डोकं तपासायला. म्हटलं, साठीच्या आधीच गेलं की काय." त्यांनी माझ्यापुढचा चहा उचलून नेला. मी तो घेतलाही नव्हता.

काका म्हणाले, "मी तुझ्या खाटेशी उभा होतो तेव्हा तू जागी होतीस?"

मी म्हटलं, "होते."

हा प्रश्न त्यांनी विचारू नये असं मला फार वाटत होतं.

ते उठले आणि बाहेर गेले. मी मागे गेले, कारण काकूंच्या समोर बसवेना. जावई कळप घेऊन निघायच्या बेतात होता. काकांनी त्याला हाताने थांबवलं. कुंपणाशी उभं राहून ते मोजायला लागले, मोठ्याने, प्रत्येकीकडे बोट दाखवत. आधी उजवीकडून, मग डावीकडून. दुसऱ्यांदा मोजताना आवाज हलत नव्हता. "एकावन्न," ते म्हणाले. "चार शिंगरं या महिन्यातली." जावई म्हणाला, "बरोबर." काका म्हणाले, "बरोबर आहे ते मला माहीत आहे. तुला विचारलं नाही. उद्यापासून मी नेणार."

मग माझ्याकडे वळले. "तुला माफ केलं की नाही ते मला अजून कळत नाही. आज विचारू नको."

"नाही विचारत."

"तोलेगेनला माहीत होतं?"

"नाही. घोड्याचं नाव त्यांनी काढलं, पण त्यांना खरंच तसं वाटलं. त्यांना अजूनही माहीत नाही. मी उद्या लिहिणार आहे."

"गाढव आहे," ते म्हणाले. हे तुमच्याबद्दल, मी जसंच्या तसं लिहितेय. "चाळीस वर्षं मला ओळखतो. माझी घोडी, आणि संध्याकाळी रस्त्यावर? एकदा येऊन विचारायचं तरी." आणि ते कुंपणाकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते. हसत होते की काय ते मला मागून दिसलं नाही.

मामा, तुम्ही माझ्यावर इतका विश्वास टाकलात की चाळीस वर्षांचा मित्र टाकलात. तो विश्वास मी मान हलवून घेतला. आई गेल्यापासून तुम्ही मला एकदाही परक्यासारखं वागवलं नाही, म्हणूनच मला त्या दिवशी वाटलं, खरं सांगितलं तर आता वागवतील. हे मोठं कारण नाही. पण दुसरं सापडत नाही.

नव्या गाडीच्या विम्यात माझं नाव घालू नका. मी झाकेनच्या शेजारी बसून अजून टिचक्या मोजणार आहे.

येत्या रविवारी दुपारी कब्देशकाका तुमच्याकडे येतील, निघताना त्यांनीच तसं सांगितलं. एकटे येतील, मी सोबत नसेन. त्यांना आत घ्या आणि आधी त्यांच्याशी बोला. माझ्याबद्दल काय ठरवायचं ते नंतर ठरवा, वेळ घ्या, आणि ठरलं की लिहा. जे लिहाल ते मी उभं राहून वाचीन.

घोडा नव्हता एवढं सांगायला जिला सहा महिने लागले, ती तुमची भाची,
अकमारल